जुन्या पिकअपचे पाटे बदलण्यापूर्वी

जुना पिकअप विकून नवा घ्यावा, की आहे त्यालाच मजबूत पाटे घालून आणखी चार-पाच वर्षे ओढावा, हा प्रश्न छोट्या व्यापाऱ्यापुढे व कारागिरापुढे नेहमी येतो. नव्या गाडीचा हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला भरावा लागतो, धंदा मात्र तारीख पाहून चालत नाही. म्हणून बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात. तो मार्ग वाईट नाही. परंतु पाटे घालणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजून न घेता पैसे घातले तर पाटेही जातात आणि गाडीही जाते.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. भिवंडीहून माल भरायचा, मुंब्रा बायपास व शिळफाटा ओलांडून खारघरला आणायचा, तिथून पनवेल-उरणकडे पोचवायचा, हा आमचा रस्ता. या रस्त्यावर पावसाळ्यात किती खड्डे असतात ते वाचकांना सांगायला नको. कापडाचे तागे दिसायला मऊ, पण दाबून बांधलेली गाठ वजनाला लोखंडासारखी असते. तळोजा एमआयडीसीतून पत्रे उचलणारा फॅब्रिकेशनवाला असो की प्लायवुड वाहणारा सुतार, सर्वांचे दुखणे एकच आहे. हौदा भरला की गाडीचे मागचे अंग खाली बसते आणि तोंड वर येते.

उर्दूत ज्याला कमानी म्हणतात त्याला इकडचे गॅरेजवाले पाटा म्हणतात. पिकअपच्या मागच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना पाट्यांचा एकेक गठ्ठा असतो. सर्वांत वरचा, दोन्ही टोकांना गोल डोळे असलेला, तो मेन पाटा. त्याखाली एकापेक्षा एक आखूड पाटे. मधून सेंटर बोल्ट जातो, आणि दोन यू बोल्ट तो गठ्ठा एक्सलला आवळून धरतात. एक टोक चेसीला पक्के, दुसरे शॅकलवर झुलते, कारण वजन पडले की पाटा सरळ होतो आणि सरळ होताना लांबतो. शॅकल गंजून जाम झाला की पाट्याला लांबायला जागा उरत नाही आणि गाडी दगडासारखी आपटते. पुष्कळ वेळा ज्याला लोक "पाटे गेले" म्हणतात ते प्रत्यक्षात शॅकल व बुश गेलेले असतात.

शॉकअपविषयीही एक गैरसमज आहे. शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटेच उचलतात. खड्ड्यातून गेल्यावर पाटा वरखाली उसळत राहतो, ती उसळी आवरण्याचे काम शॉकअपचे. म्हणून गाडी बसली आहे यासाठी भारी शॉकअप घालणे म्हणजे पैसे फुकट घालणे होय. उलट नवे कडक पाटे घालून जुनेच तेल गळणारे शॉकअप ठेवले तर रिकामी गाडी चेंडूसारखी उड्या मारते. गाडी रिकामी असताना मागचा कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर शॉकअप संपले.

पाट्यांचा हिशेब कापडवाल्याला सहज कळेल असा आहे. पाच सारख्या पाट्यांच्या गठ्ठ्यात तसाच आणि तितक्याच लांबीचा सहावा घातला तर गठ्ठा सुमारे २० टक्के कडक होतो. आखूड पाटा घातला तर त्याहून कमी. परंतु जाडी वाढवली तर हिशेब एकदम बदलतो, कारण कडकपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एक पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. दोन मिलिमीटर म्हणजे काय, असे म्हणून मिस्त्री हाताला येईल तो जाड पाटा घालतो आणि मग मेन पाटा डोळ्यापाशी तुटतो किंवा चेसीला हँगरजवळ तडा जातो. जो धक्का पूर्वी पाटा पचवत होता तो आता सरळ लोखंडाला बसतो.

आमच्या मते छोट्या व्यापाऱ्याच्या गाडीला सर्वांत सोयीचा उपाय हेल्पर पाटा हाच आहे. तो मुख्य गठ्ठ्याला टेकलेला नसतो. गाडी रिकामी असेपर्यंत तो कामाला लागत नाही. वजन पडून गाडी ठरावीक खाली आली की मगच तो टेकतो आणि भार उचलू लागतो. आपली गाडी जाताना भरलेली व येताना बहुधा रिकामी, मग दोन्ही वेळेला एकच कडकपणा कशाला? काही गाड्यांना कारखान्यातूनच हेल्पर असतो. तो बसला असेल तर तोच नवा करावा. रबराचे ठोकळे व हवेच्या पिशव्याही बाजारात मिळतात, पण खडी, चिखल आणि ओव्हरलोड यांत हवेची पिशवी फुटली की भर रस्त्यात उपाय नाही.

पाट्याला कमान परत देणे, म्हणजे जुने पाटे ठोकून पुन्हा वाकवून घेणे, हे स्वस्तातले काम. थंड ठोकलेले पाटे काही महिने टिकतात, मग पुन्हा बसतात. भट्टीत लाल करून ठोकलेले त्याहून वाईट. स्प्रिंगचे पोलाद ठरावीक उष्णतेवर तापवून, तेलात बुडवून आणि पुन्हा बेताने तापवून तयार केलेले असते, ते गुण अंदाजाने पेटवलेल्या भट्टीत उरत नाहीत. पाटा एक तर मऊ पडतो किंवा काचेसारखा तुटतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर कोणीही करू नये. आम्ही एका गॅरेजात मेन पाट्यावर वेल्डिंगची शिवण पाहिली. फाटलेल्या ताग्याला शिवण मारून अखंड म्हणून विकावा, तसला तो प्रकार होता.

नवा पाटा घेताना चांगल्या कंपनीचा, आपल्या मॉडेलचा, शिक्का असलेला घ्यावा. हरियाणातील यमुनानगर हे पाट्यांचे जुने केंद्र आहे, जमना ऑटो तिथलीच. शॉकअपमध्ये गॅब्रिएल कंपनीने १९६१ साली मुंबईत मुलुंडला कारखाना काढला, ते नाव सर्वांना ठाऊक आहे. पण डबा पाहून वस्तू ओळखू नये, दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे. गाडीला पॅराबोलिक पाटे असतील, म्हणजे मध्ये जाड, टोकांना पातळ आणि एकमेकांपासून अंतर ठेवलेले, तर त्यांत साधा सपाट पाटा घुसवू नये. दोन्ही बाजूंचे पाटे एकाच वेळी बदलावेत.

याआधी मात्र एक काम आहे, आणि ते गॅरेजात होत नाही. गाडी वजनकाट्यावर न्यावी. कळंबोलीच्या लोखंड बाजारामुळे या भागात काट्यांना तोटा नाही. नेहमीचा माल भरून आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे, मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून मागच्या एक्सलचे. त्यानंतर आरसी काढून पाहावी. समजा तिच्यावर एकूण वजन २,७०० किलो व रिकाम्या गाडीचे १,५०० किलो आहे. वजाबाकी १,२०० येते. परंतु त्यातून ड्रायव्हर व हेल्परचे १४० किलो जातात, नंतर बसवलेल्या लोखंडी जाळीचे, ताडपत्रीचे व दोरखंडांचे ६० जातात. मालाला उरले १,००० किलो. आपण १,४०० भरत असू तर दोष पाट्यांचा नाही.

माल कुठे ठेवला यानेही फरक पडतो. पुढच्या व मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असलेल्या गाडीत ३०० किलोची गाठ मागच्या एक्सलच्या ०.८ मीटर मागे ठेवली, तर मागच्या एक्सलवर ३०० नव्हे, सुमारे ३९२ किलो भार पडतो. वरचे ९२ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात, म्हणून स्टिअरिंग हलके लागते. जड गाठी केबिनला लावून, हलके बोचके मागे, एवढे केले तरी निम्मे दुखणे विनाखर्च कमी होते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. पाटे कितीही वाढवले तरी आरसीवरचे वजन एक किलोनेही वाढत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १९४ खाली ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये व जास्तीच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये झाला, शिवाय जास्तीचा माल उतरवण्याचा खर्च मालकाचा. झिजलेल्या पाट्यांच्या जागी कंपनीचेच नवे पाटे घालणे ही दुरुस्ती आहे, तिला कोणाची हरकत नाही. गाडी उंच करणे, चेसीला नवे हँगर जोडणे हा बदल आहे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस काढावी लागते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकून पाहतोच.

गाडी उंच करण्यासाठी लांब शॅकल घालण्याची टूम तरुण ड्रायव्हरांत आहे. त्याने मागच्या एक्सलचा कोन बदलतो, प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस थरथरतो व लवकर जातो. वजन उचलण्याची ताकद मात्र तिळभरही वाढत नाही.

एक गोष्ट फार थोडे मिस्त्री पाहतात, ती ब्रेकची. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून एक दांडी चेसीवरच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी मालाने खाली बसली की दांडी फिरते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. नवे कडक पाटे घातल्यावर गाडी भरूनही पूर्वीइतकी बसत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. बाहेरून गाडी ताठ, देखणी दिसते आणि खारघरच्या सिग्नलला थांबायची तर पुढच्याच्या हौद्यात घुसते. पाटे बदलले की ही दांडी कंपनीच्या मापाने लावून घ्यावी, आणि तशी लावली असे मिस्त्रीकडून बिलावर लिहून घ्यावे.

काम करून घेताना समोर उभे राहावे. जॅकवर नव्हे, घोडीवर गाडी ठेवावी. यू बोल्ट जुने पुन्हा लावू देऊ नयेत, ते एकदा ताणले की ताणले. ते एका बाजूने नव्हे, तिरक्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. रबरी बुश असतील तर डोळ्याचे व शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच शेवटचे कसावेत, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत राहून महिन्यात फाटते. पाट्यांच्या मध्ये ग्राफाइट ग्रीस चालते. सर्व्हिसिंगवाले गाडीखाली डिझेल किंवा जळके ऑइल फवारतात, ते रबराला खाते. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट पुन्हा कसून घ्यावेत. सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. ते ओळखायला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावावी, माप सारखे यावे. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतची उंचीही दोन्हीकडे मोजावी. बोटभर फरक निघाला तर गाडी ताब्यात घेऊ नये. शेवटी पुढचे दिवे भिंतीवर पाडून पाहावेत, कारण मागचे अंग उचलले गेले की प्रकाश खाली पडतो व रात्री समोरचा रस्ता तोकडा दिसतो.