घराच्या जोत्यातली ओल



वसईच्या किल्ल्यापासून पुढे खाडीच्या तोंडाशी गेले की पाचूबंदर लागते. एका अंगाला किल्ल्याचे जुने तट, दुसऱ्या अंगाला खाडी नि समुद्र, आणि मध्ये दाटीवाटीने वसलेला कोळीवाडा. इथल्या घरांना पाणी दोन वाटांनी गाठते. एक आभाळातून येते. त्याच्यासाठी आपण मिरगाआधीच कौले चाळतो, पत्रे बदलतो. दुसरे पाणी जमिनीतून मुकाट्याने वर चढते. ते टपकत नाही, वाहत नाही, म्हणून त्याची दखल कोणी घेत नाही. या दुसऱ्या पाण्याविषयी आज बोलायचे आहे.

काही वर्षांमागे मी तिथल्या एका घरी गेलो होतो. मावशींनी हौसेने जुनी जमीन उकरून चकचकीत फरशी बसवून घेतली होती. पहिल्याच पावसाळ्यात भिंती गुडघ्याच्या वरपर्यंत ओल्या झाल्या, गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागले, आणि कोपऱ्यातल्या डब्यांमागे ठेवलेल्या सुकटीच्या पिशवीला बुरशी चढली. सुकट म्हणजे त्या घरची पावसाळ्याची बेगमी. मावशी म्हणाल्या, “अहो, खाली प्लॅस्टिक घातलंय ना! पैसे मोजलेत त्याचे.” कोपऱ्यातली एक फरशी उचलून पाहिली. प्लॅस्टिक होते, नाही असे नाही. पण दोन तुकडे नुसते शेजारी शेजारी टेकवलेले, आणि भिंतीपासून चार बोटे अलीकडेच कापलेले. त्या चार बोटांत मुरूम ओलाकंच होता.

आता यात झाले काय, ते पाहू. दिव्याची वात तेलात बुडवली की तेल आपोआप वर चढते. विटेत, चुन्यात, सिमेंटच्या गिलाव्यातही डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. जमिनीतले पाणी त्यांतून तसेच चढते. पूर्वी घरात शेणाने सारवलेली जमीन असे. खालची ओल त्या जमिनीतून थोडी थोडी हवेत उडून जाई. फरशी बसवली की ती वाट बंद होते. पण ओल थांबत नाही. ती बाजूला सरकते आणि जिथे फट असेल तिथून भिंतीत शिरते. म्हणजे अर्धवट केलेल्या कामाने ओल अडत नाही, तिची फक्त वाट बदलते. मावशींच्या भिंती आधी एवढ्या ओल्या नव्हत्या, त्याचे कारण हेच.

समुद्राकाठी याला मिठाची जोड मिळते. जमिनीतले पाणी आपल्याबरोबर मीठ वर आणते. पाणी भिंतीच्या पृष्ठावरून उडून जाते, मीठ मागे राहते, त्याचे स्फटिक गिलाव्याच्या आत फुगतात आणि गिलावा ढासळतो. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. हे मीठ पुन्हा हवेतला दमट अंश शोषून घेते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ पाणी धरू लागते, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती बहुधा त्याहून अधिकच असते. म्हणून खालची ओल अडवल्यावरही लोणा लागलेली भिंत पावसाळ्यात घामेजते. खारी वाळू वापरून बांधकाम केले तर हे दुखणे पहिल्या दिवसापासूनच घरात येते. आत लोखंडी सळ्या असतील तर त्यांनाही गंज धरतो.

ओल म्हणजे केवळ भिंतीचे कुरूपपण, असे समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तक काढले. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा यांचा त्रास अधिक होतो, असे त्यात म्हटले आहे. तान्ही मुले जमिनीलगतच रांगतात, हेही ध्यानात घ्या.

अमेरिकेत पुष्कळ घरे जमिनीवर न टेकता दोन-तीन फूट पोकळी सोडून बांधतात. पोकळीला झरोके ठेवले की ती कोरडी राहील, अशी तिथे फार दिवस समजूत होती. पण दमट उन्हाळ्यात बाहेरची वाफाळ हवा आत जाऊन थंड लाकडावर दंव धरू लागली. तेव्हा पोकळीतील जमीन प्लॅस्टिकने झाकून ते भिंतीशी पक्के चिकटवण्याची रीत आली. तिथेही कामाची परीक्षा सांध्यावर आणि कडेवरच होते.

ही गोष्ट कोळी बांधवांना मी काय सांगावी! लाकडी नावेच्या फळ्यांमधल्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठासतात, तो कशासाठी? फळी कितीही उत्तम असो, पाणी सांध्यातून येते. जोत्याचेही तसेच आहे.

तेव्हा गवंडी कामाला लागेल त्या दिवशी घरच्या माणसाने तिथे उभे राहावे. मुरूम धुम्मसाने नीट चोपला का, वर बारीक वाळूचा थर देऊन टोकदार खडे झाकले का, हे पाहावे. प्लॅस्टिक जाड हवे, निदान २५० मायक्रॉनचे. दुकानात पिशवीच्या जाडीचे स्वस्त मिळते, ते घेऊ नये. दोन तुकडे एकमेकांवर निदान वीतभर चढवून चिकटपट्टीने जोडावेत. कडा भिंतीवर वळवून वर घ्याव्यात आणि भिंतीतल्या ओलरोधक पट्टीला मिळवाव्यात. त्यावरून घमेली ओढू नयेत. फाटलेच तर तिथे मोठे ठिगळ लावावे. फरशीच्या खर्चापुढे हे सारे किरकोळ आहे, पण ते झाकले जाते, म्हणून कसर नेमकी इथेच केली जाते.

भिंतीतली पट्टी, जिला गवंडी डीपीसी म्हणतात, ती नवे घर बांधतानाच घालायची. बाहेरच्या जमिनीपासून निदान १५ सेंटीमीटर उंच, सुमारे ४ सेंटीमीटर जाड, घट्ट काँक्रीटची, जलरोधक मसाला घातलेली आणि कुठेही खंड न पडलेली. बाहेरचा गिलावा या पट्टीवरून खाली जमिनीपर्यंत नेला की ओलीला आयती शिडी मिळते. आणखी एक गोष्ट अशी की, रस्ता दर खेपेस वर भर टाकून उंच करतात. काही वर्षांत अंगण जोत्याच्या बरोबरीला येते, पट्टी मातीखाली जाते, आणि चांगले काम वाया जाते. भर पडली की भिंतीलगतची माती काढून उताराचा गटार करावा.

जुन्या ओल्या भिंतीवर नुसता सिमेंटचा गिलावा चढवू नये. आत कोंडलेली ओल आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा बरा. तो खराब झाला तर बदलता येतो, आणि तोवर भिंत श्वास घेते. भिंत वाळायलाही वेळ द्यावा. इंचभर जाडीला एक महिना, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे नऊ इंची भिंत पाऊणएक वर्ष मागते. दिवाळीनंतर काम काढले तर पावसाआधी ती पुरी वाळेल, या भरवशावर रंग काढू नये.

शिक्षकबंधूंना वर्गात एक प्रयोग करता येईल. परातीत रंगीत पाणी घेऊन त्यात विटेचा तुकडा ठेवावा, वर ओल्या मातीचा पातळ लेप द्यावा, त्यावर प्लॅस्टिक, पुन्हा लेप आणि दुसरा तुकडा. शेजारी दुसरी जोडी तशीच रचावी, पण तिच्यातले प्लॅस्टिक एका बाजूने अंगठाभर तोकडे कापावे. दुसऱ्या दिवशी मुलांनाच विचारावे, वरची कोणती वीट कुठल्या बाजूने रंगली.

घरच्या फरशीची परीक्षा याहून सोपी आहे. हातभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. थेंब वरच्या अंगाला धरले तर ओल हवेतली आहे, खिडक्या आणि चुलीची वाफ पाहावी. थेंब खालच्या अंगाला धरले तर पाणी जमिनीतून येत आहे, आणि गवंड्याला बोलावण्याआधी भिंतीच्या कडेची एक फरशी उचलून पाहावी.