विश्लेषण : एका अमिनो आम्लाच्या बदलाने सिकलसेल कसा होतो?

विदर्भातील काही जिल्हे आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांत सिकलसेल हा ओळखीचा आजार आहे. २०४७ पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या आजाराचे मूळ हिमोग्लोबिन या प्रथिनातील एका बदलात आहे. तो बदल कुठे होतो आणि प्रथिनाच्या कोणत्या चित्रात दिसतो, हे समजण्यासाठी प्रथिनाच्या रचनेच्या चार पातळ्या पाहाव्या लागतात.

प्राथमिक रचना म्हणजे काय?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. शरीरातील प्रथिने मुख्यतः २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांचा क्रम ही प्राथमिक रचना. ती लिहिताना प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक इंग्रजी अक्षर वापरतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. तिची सुरुवात व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई, के अशी होते. सिकलसेलमध्ये सहाव्या जागेवरील ई, म्हणजे ग्लुटामिक आम्ल जाऊन तिथे व्ही, म्हणजे व्हॅलिन येते. व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये हा बदल शोधला.

पुढच्या तीन पातळ्या कोणत्या?

साखळी सरळ राहत नाही. हायड्रोजन बंधांमुळे तिचे काही भाग स्प्रिंगसारखे वळतात; त्यांना अल्फा हेलिक्स म्हणतात. काही प्रथिनांत साखळीचे पट्टे शेजारी येऊन घड्यांच्या पत्र्यासारखी बीटा शीट तयार होते. ही द्वितीयक रचना. हिमोग्लोबिनमध्ये प्रामुख्याने अल्फा हेलिक्सच आढळतात. संपूर्ण साखळी दुमडून जो त्रिमितीय आकार घेते, ती तृतीयक रचना. दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या एकत्र आल्या की हिमोग्लोबिनचा पूर्ण रेणू तयार होतो. ही चतुर्थक रचना. क्ष-किरणांच्या साह्याने ती उलगडणारे मॅक्स पेरुट्झ यांना १९६२ मध्ये जॉन केंड्र्यू यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

चित्रात हा बदल दिसतो का?

पाठ्यपुस्तकांत प्रथिने बहुधा फितीच्या रूपात दाखवतात. गुंडाळलेली फीत म्हणजे अल्फा हेलिक्स, रुंद बाण म्हणजे बीटा शीटचा पट्टा. जेन रिचर्डसन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाताने काढलेल्या चित्रांमुळे ही पद्धत रूढ झाली. फितीत साखळीचा केवळ मार्ग दिसतो, अमिनो आम्लांच्या बाजूच्या शाखा नाहीत. त्यामुळे निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिनची फितीची चित्रे जवळपास सारखीच दिसतात.

फरक दिसतो तो प्रत्येक अणू गोळ्याच्या रूपात दाखवणाऱ्या चित्रात. ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, ते पाण्याशी जुळते. व्हॅलिन पाणी टाळते आणि ते रेणूच्या बाहेरच्या बाजूला असते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की रेणूचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवरील खोबणीत हे व्हॅलिन जाऊन बसते. असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात. त्यामुळे लाल रक्तपेशी ताठर होऊन विळ्याचा आकार घेते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. तीव्र वेदना आणि रक्तक्षय यांचे कारण हेच.

तपासणीत याचा उपयोग कसा होतो?

प्राथमिक विद्राव्यता चाचणीत ऑक्सिजन काढून घेतल्यावर सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, द्रावण गढूळ होते. मात्र व्यक्ती रुग्ण आहे की केवळ वाहक, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करतात. ऋणभार कमी झाल्याने इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये सिकल हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकते आणि त्याचा पट्टा वेगळा उमटतो. वाहकाच्या रक्तात नेहमीचा आणि सिकल असे दोन्ही पट्टे दिसतात.

वाहकाला सहसा त्रास जाणवत नाही, त्यामुळे तपासणीशिवाय ते कळतही नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच लग्नाआधी दोघांचीही रक्ततपासणी महत्त्वाची ठरते.