चार नंबर कोणाला द्यायचा?

नंदुरबारमधल्या एखाद्या शाळेचा सतरा वर्षांखालील बास्केटबॉल संघ निवडायचा म्हटलं की मुलांना आधी उंचीनुसार रांगेत उभं केलं जातं. सगळ्यांत उंच तो सेंटर, त्याच्या खालोखालचा पॉवर फॉरवर्ड. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते, तेव्हा हा हिशेब अगदीच खुळा नाही. पण पॉवर फॉरवर्डच्या जागेला तो पुरत नाही. हा ‘चार नंबर’ बोर्डाखालची रेटारेटी आणि बाहेरचा खेळ यांच्या सांध्यावर उभा असतो. उरलेल्या चौघांत काय उणं आहे, ते पाहून त्याला निवडावं, असं माझं मत आहे.

उंचीवाल्यांच्या बाजूने डर्क नोविट्स्कीचं नाव हमखास पुढे येतं. सात फुटांच्या या पॉवर फॉरवर्डने २०११ मध्ये डॅलसला एनबीएचं विजेतेपद मिळवून दिलं. खरं आहे, पण त्याचं मुख्य हत्यार होतं लांबून मारलेला शॉट, आणि त्याच्या मागे रिंग राखायला टायसन चँडलरसारखा तगडा सेंटर होता. उलट टोकाला ड्रेमंड ग्रीन. उंची साडेसहा फुटांच्या आसपास, म्हणजे एनबीएत या जागेसाठी बुटकाच. २०१५ च्या अंतिम मालिकेत १-२ असं मागे पडल्यावर गोल्डन स्टेटने सात फुटी सेंटरला बाकावर बसवून ग्रीनला त्याच्या जागी खेळवलं आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. त्याचे साथीदार करी आणि थॉम्पसन बाहेरून शॉट मारत होते. संघाला हवा होता तो धावणारा, पास देणारा, कोणालाही अडवू शकणारा गडी.

रिबाउंडचंही तसंच. ६ फूट ७ इंचांच्या डेनिस रॉडमनने १९९१-९२ पासून सलग सात हंगाम एनबीएत सरासरी सर्वाधिक रिबाउंड मिळवले. चेंडू रिंगवरून उसळून खाली येईपर्यंत प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन जागा कोणी धरली, यावर बरंचसं ठरतं. कमरेत वाकून पाय रोवणं कबड्डीत कोपरा सांभाळणाऱ्या पोराला शिकवावं लागत नाही. त्याची पकडण्याची सवय मात्र मोडावी लागेल, नाहीतर पाच फाउल होऊन तो मध्यंतरापर्यंतच बाहेर बसेल. खो-खोवाल्याचं कौशल्य वेगळं: समोरचा कुठे वळणार हे आधी ओळखणं. मदतीला धावणाऱ्या बचावात नेमकं तेच लागतं.

पुढे नाशिक विभागात किंवा राज्य स्पर्धेत उंच संघ भेटला तर? काही बास्केट डोक्यावरून होतीलच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या उंच मुलाला आपला चार नंबर रिंगपासून दूर ओढू शकला, प्रत्येक रिबाउंडनंतर दुसऱ्या टोकापर्यंत पळवू शकला, तर २८ मीटरचं मैदान त्याला लांबच लांब वाटू लागतं. शिवाय चौदाव्या वर्षी उंच दिसणारा मुलगा बऱ्याचदा फक्त लवकर वाढलेला असतो. त्याला कायम बोर्डाखाली उभं केलं आणि तीन वर्षांत बाकीच्यांनी त्याला गाठलं, तर त्याच्या हातात ना ड्रिबल उरतं ना शॉट.

निवड चाचणीत उंचीची पट्टी जरूर ठेवावी, पण शेवटी ठेवावी. आधी तीन विरुद्ध तीन असं खेळवावं आणि शॉट सुटला की चेंडूकडे न पाहता आधी माणूस शोधून त्याला पाठ लावणारा पोरगा कोण, ते टिपून घ्यावं.