नव्या माशाला आधी वेगळी टाकी

माळेगावच्या यात्रेतून आणलेला बैल जाणता शेतकरी त्याच दिवशी गोठ्यात बांधीत नाही. काही दिवस त्याला बाहेर झाडाखाली ठेवतो. खातो कसा, तोंडातून लाळ गळते काय, खुरे कशी आहेत, हे पाहतो. समुद्राचे मासे घरी पाळणाऱ्यांनीही हेच करावयाचे असते. आणि बहुतेकांकडून तेवढेच राहून जाते.

1951 साली मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. खाऱ्या पाण्यातील रंगीत मासे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरच्यांनी प्रथम तेथेच पाहिले. आता तेच मासे पिशवीतून समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, गोदाकाठच्या आपल्या बासरलाही येऊ शकतात. पण पिशवीतून मासा एकटा येत नाही.

त्याच्याबरोबर येणाऱ्यांत मुख्य म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा सूक्ष्म जीव माशाच्या कातडीत व कल्ल्यांत काही दिवस पोसतो, मग गळून तळाशी कोश करून बसतो. कोशातून शेकडो पिल्ले निघतात व ती नवा मासा शोधतात. कोश बहुधा महिन्याच्या आत फुटतो. तथापि 72 दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. औषध लागू पडते ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांवर, आणि ते औषध म्हणजे तांबे.

येथेच खरी अडचण आहे. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण आरोग्यदायी मानतो, परंतु प्रवाळ, शंख, कोळंबी यांना तांबे म्हणजे विषच. मुख्य टाकीत ते घातले की प्रवाळ मरतात, शिवाय खडक व वाळू औषध शोषून घेतात. म्हणून रोग एकदा मुख्य टाकीत शिरला की सारे मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने माशांवाचून ठेवण्याखेरीज गत्यंतर नसते. एका अधीर दुपारची ही किंमत आहे.

वेगळी टाकी मात्र साधी असते. 40 ते 80 लिटरची काचेची पेटी, तळ उघडा, वाळू नाही, खडक नाही. लपावयास पीव्हीसी नळाचे तुकडे पुरतात. स्पंजचा फिल्टर महिनाभर आधी मुख्य टाकीत ठेवून द्यावा, म्हणजे माशांच्या उत्सर्गातील अमोनिया पचविणारे जिवाणू त्यावर वस्तीस येतात. कोऱ्या स्पंजावर विसंबल्यास मासा रोगाने नव्हे, अमोनियाने दगावतो.

पाणी विहिरीचे किंवा नदीचे थेट घेऊ नये. आरओ यंत्राचे शुद्ध पाणी घेऊन त्यात मत्स्यपेटीसाठीच मिळणारे समुद्री मीठ लिटरला सुमारे 35 ग्रॅम या हिशेबाने विरघळवावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात समुद्राचे मॅग्नेशियम व कॅल्शियम नसतात. आपल्याकडे हीटरपेक्षा पंख्याची गरज अधिक. वैशाखात लहान टाकी चटकन तापते. पंख्याने पाणी 26 अंशांच्या आसपास राखता येते, पण ते उडूनही जाते. मीठ मात्र मागेच राहते. तेव्हा भर घालावयाची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे, आणि तीही तांब्या-पितळेच्या भांड्यातून नव्हे. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप आम्ही आवश्यकच मानतो.

पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी व उघडल्यावर वेळ दवडू नये. कोंडलेला वायू निघून गेला की पिशवीतला अमोनिया अधिक विषारी होतो. मासा चार-सहा आठवडे या टाकीत राहावा. औषध द्यावयाचे तर साध्या ताम्रक्षाराचे प्रमाण लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम असते. इतर ताम्रौषधांचे निराळे, ते बाटलीवर पाहावे. रोज मोजावे, प्रमाण मध्येच उतरले तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

प्रवाळांसाठी दुसरी टाकी हवी, व तिला तांबे कधीच लागलेले नसावे. प्रवाळ स्वतः ठिपक्यांनी आजारी पडत नाही, पण त्याच्या बुडाच्या दगडावर कोश चिकटून येतो. म्हणून तोही माशांवाचून अडीच महिने ठेवावा, व चपटे कृमी आणि त्यांची अंडी भिंगाने पुनःपुन्हा शोधावीत. मात्र 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सर्व कठीण प्रवाळ व समुद्री घोडेही आहेत. ते घरी आणूच नयेत. मृदू प्रवाळ घेतानाही कागदपत्रे पाहूनच घ्यावा. आमच्या मते नवशिक्या कुटुंबाने पैदास केंद्रात वाढलेल्या क्लाउनमाशांवरच समाधान मानावे.

जाळी, बादली व नळी या टाकीची वेगळी ठेवावी. त्यांवर रंगाची खूण करावी, म्हणजे मुलेही चुकत नाहीत. मुदत संपली की टाकी व ही सारी हत्यारे धुऊन गच्चीवर कडकडीत वाळवावीत. कोश पूर्ण सुकल्यावर जगत नाही, आणि उन्हाची आपल्याकडे वाण नाही.