पोचल्याचे कळवावे

घरातून कोणी परगावी निघाले म्हणजे वडीलधारी माणसे उंबरठ्याशी एक वाक्य हमखास उच्चारीत: “पोचल्याबरोबर पत्र टाक.” पत्र येईपर्यंत घरच्यांच्या जिवाला घोर लागून राही, आणि चार ओळींचे कार्ड हाती पडले की तो मिटे. आज पत्राचे काम बहुधा खिशातील दूरध्वनी करतो. परंतु वाचकहो, जगभरच्या संगणकांना जोडणारे जे महाजाल आपण दिवसरात्र वापरतो, त्याची सारी विश्वासार्हता या एका जुन्या वाक्यावर उभी आहे, असे म्हटले तर आपणांस नवल वाटेल. ते कसे, हे समजून घेणे मनोरंजक तर आहेच. शिवाय घरातील पैशांच्या दृष्टीनेही ते अगत्याचे आहे.

समजा, इंदूरच्या एका मातेने बंगळुरूस शिकणाऱ्या आपल्या मुलाला घरच्या मंगलकार्याचे छायाचित्र पाठविले. क्षणार्धात ते तेथे पोचले. या क्षणार्धात काय काय घडले?

संदेशाची पुडकी

संगणकाला चित्र कळत नाही, शब्दही कळत नाहीत. त्याला कळतात ते ० आणि १ हे दोनच अंक. अशा एका अंकाला ‘बिट’ म्हणतात आणि आठ बिटांचा एक ‘बाइट’ होतो. आपल्या देवनागरीतील ‘क’ हे एक अक्षर आजच्या प्रचलित पद्धतीने पाठवावयाचे झाले तर तीन बाइट लागतात. मातेने पाठविलेले छायाचित्र ३० लाख बाइटांचे आहे असे धरू. एवढा पसारा एकदम पाठवावयाचा कसा?

जुन्या दूरध्वनीची रीत निराळी होती. ट्रंक कॉल जोडून मिळाला म्हणजे बोलणाऱ्या दोघांसाठी एक अखंड वाट राखून ठेविली जाई. दोघे क्षणभर गप्प राहिले तरी ती वाट तिसऱ्याला मिळत नसे. माणसांच्या संभाषणाला हे ठीक होते. पण संगणकांचे बोलणे तुटक असते. क्षणात ते भराभर बोलतात आणि मग बराच वेळ स्तब्ध राहतात. त्यांच्यासाठी संपूर्ण वाट अडवून ठेवणे म्हणजे एका प्रवाशासाठी सबंध आगगाडी सोडण्यासारखे होय.

यावर तोड निघाली ती १९६० नंतरच्या काही वर्षांत. अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी परस्परांस नकळत एकच कल्पना मांडली: संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता लिहावा, आणि जी वाट मोकळी असेल तिने ते रवाना करावेत. डेव्हिस यांनी या तुकड्याला ‘पॅकेट’, म्हणजे पुडके, हे नाव दिले. साधारणतः एका पुडक्यात १,५०० बाइट मावतात. त्यांतील काही पत्त्यासाठी आणि इतर नोंदींसाठी खर्ची पडतात. तेव्हा त्या एका छायाचित्राची दोन हजारांहून अधिक पुडकी होतात. एखादा ग्रंथ पानापानाने सुटा करून, प्रत्येक पान निराळ्या लिफाफ्यात घालून पाठवावा, तशातला हा प्रकार आहे. पाने मागेपुढे पोचली तरी चिंता नाही. पृष्ठक्रमांक पाहून ती पुन्हा लावता येतात.

पत्त्याची युक्ती

ही पुडकी वाट कशी शोधतात? याचे उत्तर आपल्या टपालखात्याच्या पिनकोडात सापडते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पकतेतून साकारलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झाली. बंगळुरूचा ५६० ००१ हा पिनकोड घ्या. पहिल्या ५ या अंकावरून पत्र आंध्र प्रदेश, तेलंगण व कर्नाटक यांच्या विभागाकडे जावयाचे हे कळते. ५६० वरून ते बंगळुरूचे हे ठरते. आणि शेवटचे तीन अंक पत्र वाटणारी टपालकचेरी सांगतात. इंदूरच्या टपालकचेरीत पत्रांची वर्गवारी करणाऱ्याला बंगळुरूच्या गल्ल्या ठाऊक असण्याचे कारण नाही. पत्र पुढे कोणाच्या हवाली करावयाचे, एवढे त्याला कळले म्हणजे पुरे.

महाजालातही प्रत्येक संगणकाला आकडी पत्ता असतो आणि त्याचा पुढचा भाग तो कोणत्या जाळ्यातला हे सांगतो. वाटेत ठिकठिकाणी ‘राउटर’ नावाची यंत्रे चौकीदारासारखी बसविलेली असतात. संपूर्ण प्रवासाचा नकाशा त्यांच्यापैकी कोणाजवळही नसतो. पत्ता वाचावा आणि पुडके पुढच्या योग्य चौकीकडे सोपवावे, इतकेच त्यांचे काम. मूळ पत्ते ३२ बिटांचे होते. त्यांतून ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते तयार होतात. इतके पत्ते कधीकाळी अपुरे पडतील असे आरंभी फारसे कोणास वाटले नव्हते. पण ते पडले, आणि म्हणून १२८ बिटांचे नवे पत्ते योजावे लागले.

आणखी एक गंमत पाहा. वाट चुकलेले पुडके जाळ्यात चिरकाल भटकत राहू नये, म्हणून त्याच्यावर एक आकडा लिहिलेला असतो. प्रत्येक चौकीवर तो एकाने कमी होतो. शून्य झाला की ते पुडके तेथेच टाकून दिले जाते.

हरवणे हे गृहीतच

‘टाकून दिले जाते’ हे शब्द वाचून आपण चमकला असाल. पण महाजालाचे मर्म येथेच आहे. चौकीवर गर्दी झाली, रांगेत जागा उरली नाही, तर राउटर पुडके खुशाल टाकून देतो. वाटेत एखादा बिट बिघडला, तर तपासणीच्या बेरजेत फरक पडतो आणि ते पुडके बाद ठरते. वाट स्वतः कसलीही हमी देत नाही.

हमी देतात ती दोन टोके. मुलाचा दूरध्वनी पुडकी मिळताच उलट कळवितो: “अमुक क्रमांकापर्यंत पोचली.” हीच पोच. ठराविक वेळात पोच आली नाही, तर पाठविणारे यंत्र ते पुडके पुन्हा धाडते. हा शिरस्ता व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये मांडला आणि १ जानेवारी १९८३ पासून महाजालाच्या पूर्वजाने, अर्थात ‘अर्पानेट’ने, तो अंगीकारला. याच अर्पानेटवरून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश धाडण्यात आला होता. शब्द होता ‘लॉगिन’. त्याची पहिली दोन इंग्रजी अक्षरे पोचली आणि यंत्रणा कोलमडली! सुमारे तासाभराने तो प्रयत्न सफल झाला. या विद्येचा श्रीगणेशाच असा अपयशाने झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अविश्वासू वाटेवर विश्वासू व्यवहार उभारण्याची ही रीत किती टिकाऊ आहे, हे ३० जानेवारी २००८ रोजी दिसून आले. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन मोठ्या केबल तुटल्या आणि भारतातील महाजालाची गती एकाएकी मंदावली. तरीही व्यवहार सर्वस्वी थांबले नाहीत. पुष्कळशी वाहतूक दुसऱ्या वाटांनी वळविण्यात आली. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे वळसा फार मोठा पडला तरी जास्तीचा वेळ सेकंदाच्या अंशातच मोजावा लागतो. खरा खोळंबा होतो तो उरलेल्या वाटांवरील गर्दीमुळे.

मौनाचे दोन अर्थ

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला, तिच्याकडे वळू. पोच आली तर प्रश्नच मिटला. पण पोच आली नाही, तर त्यावरून काय समजावे? संदेश वाटेत हरवला, असे आपण चटकन म्हणतो. परंतु दुसरीही शक्यता आहे: संदेश सुखरूप पोचला आणि परतीची पोच तेवढी हरवली. पाठविणाऱ्याच्या बाजूने पाहता दोन्ही प्रसंग तंतोतंत सारखे दिसतात. मौन एकच, अर्थ मात्र दोन. आणि कितीही चतुर यंत्र बनविले तरी केवळ मौन ऐकून त्यांतील खरा अर्थ कोणता हे त्याला सांगता येत नाही.

छायाचित्राच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. तेच पुडके दोनदा पोचले तर क्रमांक पाहून एक टाकून देता येते. पैशाच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. २०१६ पासून आपल्या देशात यूपीआयची पद्धत सुरू झाली आणि भाजीवाल्यापासून औषधाच्या दुकानापर्यंत ती रुळली. दुकानात आपण पैसे पाठवितो, चक्र फिरत राहते आणि निर्णय येत नाही. मागे रांग उभी असते, दुकानदार “आले नाहीत” म्हणतो, आणि आपण संकोचून दुसऱ्यांदा पैसे पाठवितो. येथेच घात होतो. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो. यंत्राने तोच क्रमांक पुन्हा विचारला तर पुनरुक्ती ओळखता येते. पण आपण नव्याने बोट दाबले की नवा क्रमांक पडतो, आणि यंत्राच्या लेखी तो सर्वस्वी दुसरा व्यवहार ठरतो. मग दोन्ही रकमा जाऊ शकतात.

म्हणून अशा वेळी घाई करू नये. प्रथम खात्यातील नोंद पाहावी. व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावे आणि त्याचा क्रमांक जपून ठेवावा. निकड असेल तर तेवढ्यापुरती रोख रक्कम द्यावी. घरातील वृद्धांना आणि नव्याने हे साधन हाताळणाऱ्यांना एवढी एक गोष्ट अवश्य समजावून सांगावी: उत्तर आले नाही, म्हणजे नकार आला असे नव्हे.

इंदूरच्या त्या मातेलाही हेच सांगणे आहे. अनेक संदेशसेवांत संदेश निघाला की एक खूण उमटते आणि तो पलीकडच्या दूरध्वनीत पोचला की दुसरी. रात्री अकरा वाजता मुलाला पाठविलेल्या संदेशासमोर एकच खूण दिसली, तर मातेचे मन नाही नाही त्या शंकांनी व्याकूळ होते. पण त्या एका खुणेचा अर्थ इतकाच, की पोच अजून आलेली नाही. त्याच्या दूरध्वनीची वीज संपली असेल, तो आगगाडीत असेल, नाहीतर दूरध्वनी बंद करून अभ्यासाला बसला असेल. यंत्र थोडा वेळ थांबते आणि मग पुन्हा विचारते. आपणही तसेच करावे.

आणि मुलांनो, तुम्हांलाही एक सांगणे. यंत्राने दिलेली पोच यंत्रापुरती असते. संदेश दूरध्वनीत पोचला एवढेच ती सांगते. तुम्ही सुखरूप आहात हे ती सांगू शकत नाही. तेव्हा गावी उतरल्याबरोबर दोन शब्द लिहावेत. पोचल्याचे कळवावे.