तरुण राजा आणि त्याचे वाचक

टी. एच. व्हाइट हे नाव आपल्या वाचकांपैकी अनेकांना अपरिचित असेल. हा इंग्रज लेखक जन्मला मात्र मुंबईत, २९ मे १९०६ रोजी. बाप ब्रिटिश अमलातला पोलीस अधिकारी. मुलाला लहानपणीच इंग्लंडला आजी-आजोबांकडे पाठवण्यात आले. पुढे तो स्टो येथील शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला, १९३६ साली ती नोकरी सोडून रानातल्या एका खोपट्यात राहू लागला आणि तिथे त्याने आर्थर राजाच्या जुन्या कथेला हात घातला. 'द सोर्ड इन द स्टोन' १९३८ साली आली. पुढचे दोन भाग १९३९ आणि १९४० साली आले. चौथा भाग जोडून आणि आधीचे भाग बरेच बदलून १९५८ साली 'द वन्स अँड फ्यूचर किंग' हा एकत्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याच्या हाती बळ त्याचेच खरे, असे का असावे, या एका प्रश्नाभोवती हा सगळा ग्रंथ फिरतो. वसाहतीतल्या पोलीस अधिकाऱ्याच्या मुलाने हा प्रश्न विचारावा, यावरून मी काही सिद्धांत मांडत नाही. नोंद मात्र करून ठेवतो.

या कादंबरीविषयी लिहायचे कारण वेगळे आहे. मी एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवतो. कॉलेजच्या वेळेनंतर काही विद्यार्थी, दोन-तीन कार्यकर्ते आणि शाळामास्तर असे आम्ही एकत्र बसून वाचतो. मी मराठीत अर्थ सांगत जातो. मुले बहुतेक वस्तीवरची, पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीची शिकलेली. या वर्गात ही कादंबरी वाचताना ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्या बाहेरच्या जगात या पुस्तकाविषयी जे बोलले गेले आहे त्याच्याशी ताडून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

कथा थोडक्यात अशी. सर एक्टर नावाच्या सरदाराच्या गढीत एक पोरका मुलगा वाढतो. त्याला सगळे 'वॉर्ट' म्हणतात. सरदाराचा खरा मुलगा के नाइट होणार आणि वॉर्ट त्याची हत्यारे सांभाळणार, हे ठरलेले. मर्लिन हा जादूगार त्याचा गुरू होतो, त्याला मासा, ससाणा, मुंगी, रानहंस अशी रूपे देऊन शिकवतो. पुढे दगडात रुतलेली तलवार तो सहज उपसतो आणि राजा होतो. तरुण आर्थर न्यायाचे राज्य उभे करू पाहतो, गोलमेज स्थापतो. पण सावत्र बहिणीशी नकळत झालेल्या संगातून जन्मलेला मुलगा मॉर्ड्रेड, आणि राणी ग्विनेव्हर व जिवलग मित्र लान्सलॉट यांचे प्रेम, यांत ते राज्य कोसळते.

पाश्चात्त्य वाचकांनी या पुस्तकावर उदंड प्रेम केले. त्याच्या आधारे 'कॅमेलॉट' हे संगीत नाटक डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांच्या पत्नीने 'लाइफ' मासिकाच्या मुलाखतीत याच नाटकातल्या गाण्याची आठवण काढली आणि त्या राजवटीला 'कॅमेलॉट' हे नाव कायमचे चिकटले. मुलाखत घेणाऱ्या पत्रकाराचे आडनावही व्हाइटच होते, हा निव्वळ योगायोग. निवडून आलेल्या अध्यक्षाच्या मृत्यूचा शोक करायला लोकशाही देशाला एका राजाचीच गोष्ट लागावी, याचे मला नवल वाटते. पुढे हॅरी पॉटरच्या लेखिकेनेही वॉर्टला आपल्या नायकाचा पूर्वज मानले. थोडक्यात, उपेक्षित पोराला एके दिवशी आपले मोठेपण सापडते, ही गोष्ट वाचकांनी डोक्यावर घेतली.

आमच्या वर्गातही सुरुवातीला हेच झाले. तलवार उपसली गेली तेव्हा मुले खूश झाली. मग एका मुलाने विचारले, "सर, पण हा तर राजाचाच मुलगा निघाला ना?" वॉर्ट उथर राजाचा औरस वारस, म्हणून तलवार त्याच्या हाताला आली. मर्लिनने दिलेले शिक्षण, वॉर्टचा दयाळूपणा, त्याचे कष्ट, यांचा तलवारीशी संबंध कादंबरी लावू पाहते. तलवार उपसताना त्याला सगळे प्राणी आठवतात, त्यांनी दिलेले धडे बळ देतात. पण दगडावर लिहिलेली अट जन्माचीच आहे. हे शिक्षण घेऊन दुसऱ्या कुणा गरिबाच्या पोराने ती ओढली असती तर?

इथे आपल्याला कर्ण आठवल्याशिवाय राहत नाही. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली आणि मराठी वाचकाने कर्णासाठी अश्रू ढाळले. त्या अश्रूंची जातकुळी तपासली पाहिजे. सूताच्या घरी वाढलेला म्हणून कर्णाचा अपमान होतो, याचे आपल्याला दुःख होते. परंतु त्या दुःखाला धार येते ती तो खरा कुंतीपुत्र आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते म्हणून. तो अधिरथ आणि राधेच्याच पोटचा असता, तर त्याच्या अपमानावर इतक्या आवृत्त्या खपल्या असत्या काय? शंबुकाला आणि एकलव्याला असा गुप्त बाप नाही. म्हणूनच त्यांच्याविषयी जे लिहायचे ते आपल्यालाच लिहावे लागले. वॉर्ट आणि कर्ण यांच्या कथा वाचकाला एक सोयीची सहानुभूती देतात. खालच्या जागेवरच्या माणसासाठी रडायचेही आणि तो मुळात वरचाच होता या समाधानात घरीही जायचे.

म्हणून ही कादंबरी टाकाऊ ठरते, असे कुणी समजू नये. व्हाइटचे मोठेपण मला दुसऱ्या ठिकाणी दिसते. आर्थर नवा राजा असताना एक लढाई जिंकतो आणि मर्लिनपुढे तिची मजा सांगू लागतो. मर्लिन विचारतो, माणसे किती मेली? सुमारे सातशे पायदळ मेलेले असते. नाइटांपैकी एक जण घोड्यावरून पडून त्याचा पाय मोडलेला असतो, एवढेच. चिलखतातल्या सरदारांसाठी युद्ध हा खेळ. धरला गेला तर खंडणी भरून सुटायचे. मरायचे ते चिलखत नसलेल्यांनी. ही गोष्ट तरुण राजाच्या मनात उतरते. पुढे बेडग्रेनच्या लढाईत तो सगळे संकेत मोडतो. रात्री हल्ला करतो, शत्रूचे पायदळ बाजूला ठेवून थेट सरदारांवर घोडे घालतो. युद्ध सरदारांनाही महाग पडू लागते. मध्ययुगीन शौर्यकथेच्या पोटात शिरून, प्रेते कुणाची आहेत ती मोजा, असे म्हणणारा लेखक मला थोर वाटतो. वर्गातले एक कार्यकर्ते, वय साठीच्या पुढचे, भीमा कोरेगावच्या स्तंभाला दरवर्षी जाणारे, एवढेच म्हणाले, "नावं लिहायला पाहिजेत, नुसता आकडा नको." त्यांच्या सूचनेचा रोख व्हाइटकडेही वळतो, हे आम्हाला पुढच्या पानांवर कळले.

मॉर्गोज राणीचे चार मुलगे, गवेन आणि त्याचे भाऊ, आईने आपल्याकडे पाहावे म्हणून युनिकॉर्नची, म्हणजे एकशिंगी अद्भुत प्राण्याची, शिकार करायला निघतात. हा प्राणी कुमारिकेच्या मांडीवर डोके ठेवतो, अशी समजूत. म्हणून ते मुदपाकखान्यातल्या मेग नावाच्या पोरीला ओढत नेतात, झाडाला बांधतात आणि आमिष करतात. युनिकॉर्न येतो, तिच्या मांडीवर डोके टेकतो आणि अॅग्रव्हेन त्याला भाल्याने मारतो. पुढे मुले त्याचे मुंडके घरी आणतात आणि आईचे लक्षही जात नाही. इंग्रजी वाचकांनी या प्रकरणाची फार वाखाणणी केली आहे. निरागस सौंदर्याचा वध, आईच्या मायेला भुकेलेली मुले, क्रौर्याचे मूळ बालपणात, वगैरे. ते सारे खरे आहे. या दुष्ट आईच्या चित्रणात व्हाइटने स्वतःची आई रंगवली, असेही चरित्रकार सांगतात. आमच्या वर्गातल्या दोन मुलींनी मात्र एकच विचारले. मेगचे पुढे काय झाले? ती रडत घरी गेली, एवढ्यावर तिची कथा संपते. तिचा सूड नाही, तिची शोकांतिका नाही.

तसाच पहिल्या भागातला कुत्र्यांच्या खोलीत झोपणारा मुलगा. त्याचे नाक एका वेड्या म्हाताऱ्याने चावून तोडलेले, आणि त्या म्हाताऱ्याला गावची पोरे दगड मारत असत. या मुलाला लेखकाने ममतेने रेखाटले आहे, पण नाव दिलेले नाही. 'डॉग बॉय' एवढीच त्याची ओळख. कामावरून हाक मारण्याची ही रीत आपल्या परिचयाची आहे.

मुंग्यांचे प्रकरण मात्र मुलांना एकदम पटले. वॉर्ट मुंगी होऊन वारुळात जातो. त्या मुंग्यांच्या भाषेत चांगले आणि वाईट हे शब्दच नाहीत. जे 'करतात' ते आणि जे 'करत नाहीत' ते, एवढेच दोन प्रकार. हे मूळ लिखाण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, हुकूमशाहीवर बोट ठेवणारे. पण एका मुलाने लगेच म्हटले, "आमच्या गावात पण हेच. का म्हणून विचारलं की सांगतात, असं करत नाहीत." याहून नेमका अर्थ मला कुठल्याही समीक्षेत मिळाला नाही.

खरा वाद झाला तो शेवटच्या भागावर. आर्थरचे गोलमेज गोल असते, कारण वरची आणि खालची जागा असू नये. परंतु बसतात ते नाइटच. पंगतीत कोण बसतो आणि कोण उष्टी काढतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बळ चांगल्या कामाला जुंपून पाहिले, ते बिघडले. मग ते पवित्र पात्राच्या शोधाला लावले, त्यात चांगले नाइट हरवले. अखेर म्हाताऱ्या आर्थरला तिसरा मार्ग सुचतो, कायद्याचा. तोवर आरोपाचा निकाल द्वंद्वयुद्धाने लागत असे. लान्सलॉट ज्याच्या बाजूने लढेल तो निर्दोष. आर्थर हे मोडून काढू पाहतो. आणि नेमका त्याच नव्या कायद्याचा आधार घेऊन मॉर्ड्रेड राणीवर आरोप ठेवतो. स्वतःच्या बायकोला जाळण्याची शिक्षा राजाला मान्य करावी लागते. लान्सलॉट तिला सोडवतो, त्या धुमश्चक्रीत निःशस्त्र गॅरेथ आणि गॅहेरिस मारले जातात, आणि युद्ध पेटते.

बहुतेक वाचक इथे कायद्यावर चिडतात. प्रेमिकांचा जीव मोठा की कलम मोठे? आमच्याकडेही काहींनी असेच म्हटले. त्यावर एलएल. बी. करणाऱ्या एका मुलीने जे मांडले ते मला महत्त्वाचे वाटते. राणीला सोडवायला लान्सलॉट होता. मेगला कोण होते? ज्याला लान्सलॉट नाही त्याला कायद्यावाचून दुसरे काय आहे? बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते की संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारी माणसे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल. आर्थरच्या दरबारात हेच घडते. कायदा आला, पण तो मॉर्ड्रेडच्या हातात गेला. तेव्हा कायदा टाकायचा की त्याच्यावरचा मॉर्ड्रेडचा हात दूर करायचा, असा तिचा प्रश्न होता. वाद मिटला नाही. मी तिच्या बाजूचा आहे.

मॉर्ड्रेडविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण आपल्यातल्या काही तरुणांना तोच खरा विद्रोही वाटला. त्याची तक्रार खोटी नाही. त्याच्या जन्माच्या भाकिताला भिऊन तरुण आर्थरने त्या वेळी जन्मलेली बाळे गलबतात घालून समुद्रात सोडली होती. गलबत फुटले, मॉर्ड्रेड वाचला. आर्थर हे पुढे स्वतःच लान्सलॉट आणि ग्विनेव्हरला सांगतो. आश्चर्य हे की राजावर प्रेम करणारे वाचक ही बाळे पार विसरून जातात. पण मॉर्ड्रेड या जखमेतून काय उभे करतो? काळ्या गणवेशातली, चाबूक आवळलेल्या मुठीचे चिन्ह मिरवणारी संघटना. तिच्या मागण्यांत ज्यूंची कत्तलही आहे. बुडवलेल्या बाळांसाठी त्याच्या जाहीरनाम्यात एक ओळ नाही. जखम खरी असली तरी राजकारण फॅसिस्ट असू शकते, हे व्हाइट १९४० च्या आसपास समोर पाहत होता. विद्रोह हा शब्द स्वस्तात वापरणाऱ्यांनी ही पाने सावकाश वाचावीत.

शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री म्हातारा राजा तंबूत टॉम नावाच्या एका पोराला बोलावतो. तू लढू नकोस, घरी जा, ही कल्पना जपून ठेव आणि लोकांना सांग, अशी आज्ञा करतो. हाच पुढे आर्थरकथा लिहिणारा टॉमस मॅलरी, अशी योजना. कादंबरीचा हा शेवट जगभर वाचकांना हेलावून गेला आहे, आणि वर्गात तो वाचताना माझाही आवाज जड झाला. व्हाइटचा मूळ बेत पाचव्या भागाचा होता. प्रकाशकाने तो युद्धकाळात नाकारला. व्हाइट १७ जानेवारी १९६४ रोजी ग्रीसमधल्या पिरीअस बंदरात बोटीवर वारला, आणि तो भाग 'द बुक ऑफ मर्लिन' या नावाने १९७७ साली अमेरिकेत छापला गेला. त्यातला उपदेश अनेकांना रुचला नाही. मलाही टॉमपाशीच थांबणे बरे वाटते.

वर्गात मात्र टॉमपाशी कुणी थांबले नाही. मुले त्या रात्री तळावर असलेल्या इतर पोरांविषयी बोलत राहिली, ज्यांना राजाने बोलावले नाही. दोघींनी मेगची गोष्ट मराठीत लिहायला घेतली आहे. एकीने तिला मुदपाकखान्यातच ठेवले आहे, दुसरीने त्याच संध्याकाळी गढीतून पळवून लावले आहे. दोन्ही अजून अपुऱ्या आहेत.