लिलीपाँड : मजकुरातून रेखली जाणारी स्वरलिपी

पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी छापण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक संगणक-प्रणालींमध्ये पडद्यावरील पाच ओळींच्या पट्टीवर, म्हणजे स्टाफवर, माउसच्या साहाय्याने चिन्हे मांडली जातात. लिलीपाँड या प्रणालीत मात्र चिन्हे मांडायची नसून संगीत मजकुराच्या रूपाने लिहायचे असते. स्वराचे अक्षर आणि त्यापुढे कालमान दाखवणारा आकडा अशा साध्या मजकुराची फाइल प्रणालीला दिली, की ती स्वतःच अंतरे मोजून, दांड्यांची दिशा ठरवून आणि ओळी तोडून छपाईयोग्य पान तयार करते. नेदरलँड्समधील हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझन यांनी १९९६ मध्ये हे काम हाती घेतले आणि पुढे ते ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात सामील झाले.

या प्रणालीचा आदर्श संगणकपूर्व काळातील हस्तकौशल्याचा आहे. पूर्वी स्वरलिपीचे कोरक्ये धातूच्या पत्र्यावर पाच दातांच्या हत्याराने ओळी ओढत आणि स्वरचिन्हांचे ठसे हातोडीने, तेही उलट्या प्रतिमेत, उमटवत असत. बाखच्या चेलो स्वीट्सची बेरेनरायटर या जर्मन प्रकाशनसंस्थेने १९५० मध्ये काढलेली कोरीव आवृत्ती लिलीपाँडच्या कर्त्यांनी तिच्याच २००० सालच्या संगणकी आवृत्तीशेजारी ठेवून अभ्यासली, तेव्हा जुन्या पानाचा ठसठशीतपणा नव्या पानात उरला नसल्याचे त्यांना दिसले. अर्ध्या नोटला पाव नोटच्या दुप्पट कालमान असले तरी दुप्पट जागा द्यायची नसते, किंवा वर जाणाऱ्या दांडीनंतर खाली जाणारी दांडी आली तर ती अंतरे डोळ्यांना समान वाटावीत म्हणून मुद्दाम किंचित असमान ठेवायची असतात, असे कोरक्यांच्या हाताला ठाऊक असलेले नियम त्यांनी गणिताच्या भाषेत बसवले. त्यामुळे येथे संगीताचा आशय एकीकडे आणि त्याची रेखाटणी दुसरीकडे अशी स्पष्ट वाटणी झाली, आणि स्वरलेखनातील अडचणींची उकलही याच वाटणीवर अवलंबून राहिली: पान चुकीचे दिसत असेल, तर आशय चुकीचा सांगितला गेला की आशय बरोबर असून रेखाटणी फसली, हे आधी ठरवावे लागते.

नवशिक्याला सर्वांत आधी भेटणारी अडचण पहिल्या प्रकारची असते. डी मेजर या स्वरसप्तकात एफ आणि सी हे स्वर शार्प, म्हणजे अर्ध्या सुराने चढे असतात आणि तशी खूण ओळीच्या आरंभी असते. म्हणून लिहिणारा नुसते ‘एफ’ लिहितो आणि पानावर त्या नोटपुढे नॅचरल, म्हणजे शुद्ध स्वराचे चिन्ह उमटते. यात प्रणालीचा दोष नाही, कारण ती चिन्ह नव्हे तर प्रत्यक्ष ऐकू येणारा स्वर मागते, आणि तो डच पद्धतीने ‘फिस’ असाच लिहावा लागतो. हा काच सुरुवातीला जाचक वाटला तरी त्याचे मोल स्वरांतर करताना कळते: तीच रचना बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी एक पूर्ण सूर वर न्यायची झाल्यास एका आज्ञेत ती ई मेजरमध्ये जाते, ‘फिस’चा ‘गिस’ होतो आणि कोणत्या नोटला चिन्ह हवे हे प्रणाली नव्याने ठरवते.

कालमानाचीही गत अशीच आहे. आकडा न लिहिल्यास आधीच्या नोटचे कालमान पुढे चालू राहते, त्यामुळे एक आकडा सुटला तर त्यापुढील सगळ्या बाररेषा सरकतात आणि चूक जिथे दिसते तिथून बरीच मागे दडलेली असते. प्रत्येक बारच्या शेवटी मजकुरात उभी रेघ लिहिण्याची सवय म्हणूनच अत्यावश्यक मानावी; ही रेघ पानावर काहीच छापत नाही, पण हिशोब जुळला नाही तर प्रणाली ओळीचा क्रमांक देऊन इशारा देते.

याहून चकवणारी अडचण ग्रेस नोट्सची आहे. ग्रेस नोट हा मुख्य स्वराला चाटून जाणारा, तालाच्या हिशोबात न धरलेला छोटा स्वर असतो. पियानोच्या वरच्या स्टाफवर पुनरावृत्तीच्या बाररेषेनंतर लगेच असा स्वर आला आणि खालच्या स्टाफवर तो नसला, तर दोन्ही स्टाफवरील बाररेषा एकाखाली एक न येता वेगवेगळ्या जागी पडतात. प्रणालीच्या लेखी ग्रेस नोटचा क्षण मुख्य क्षणाच्या किंचित आधीचा असतो, म्हणून वरची बाररेषा त्या आधीच्या क्षणाला आणि खालची मुख्य क्षणाला बांधली जाते. बाररेषा हाताने सरकवण्याचा मोह येथे टाळावा. खालच्या स्टाफमध्ये त्याच जागी तेवढ्याच मापाची अदृश्य ग्रेस नोट लिहिली, की दोन्ही हातांचे काळ जुळतात आणि पान आपोआप सरळ होते.

रेखाटणीच्या खऱ्या तक्रारी यानंतर उरतात. दोन-तीन नोट्स जोडणारी स्लर नावाची कमान एखाद्या चिन्हाला घासत असेल, तर ‘शेप’ या आज्ञेने तिचे चार नियंत्रक बिंदू स्टाफच्या दोन ओळींमधील अंतराच्या मापाने हलवता येतात. परंतु कागदाचा आकार बदलला किंवा ओळ दुसऱ्या ठिकाणी तुटली, तर हे आकडे निरर्थक ठरतात. म्हणून अशा दुरुस्त्या पानांची रचना पक्की झाल्यावरच, अगदी शेवटी कराव्यात.

मराठी गीताचे शब्द स्टाफखाली बसवताना आशय आणि रेखाटणी यांची सीमा फार बारीक होते. प्रणाली युनिकोड वाचते, त्यामुळे योग्य फाँट असल्यास देवनागरी उमटण्यात अडथळा नसतो. मात्र शब्द जिथे तोडला जातो तिथला प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे रेखला जातो. ‘विठ्ठल’ हा शब्द उच्चारानुसार ‘विठ्’ आणि ‘ठल’ असा तोडला, तर जोडाक्षर फुटून हलन्ताचा पाय उघडा पडतो आणि वाचणारा गायक अडखळतो. ‘वि’ आणि ‘ठ्ठल’ असा तोडल्यास जोडाक्षर अखंड राहते. गाताना शेवटचा ‘ल’ वेगळ्या नोटवर येत असेल, तर ‘ठ्ठ’ आणि ‘ल’ यांच्यामध्ये आणखी एक तोड लागते, आणि ती द्यायची की नाही हे चाल ऐकूनच ठरवावे लागते.